चक्कर येण्याची नोकरी

आमच्या वसईतल्या माणिकपूरच्या ऑफिसात एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांना चक्कर येण्याचा पगार मिळायचा.

हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "वडीलधाऱ्या माणसाची अशी थट्टा करू नये." थट्टा नव्हती. महिन्याच्या महिन्याला रीतसर पगार, दिवाळीला मिठाईचा डबा आणि काम एकच. डोळे झाकणारा हेडसेट डोक्याला लावून खुर्चीत बसायचं आणि कुठे गरगरतं ते सांगायचं.

आमचा धंदा होता गोदामात माल उचलणारी फोर्कलिफ्ट चालवायला शिकवण्याचा, तेही खऱ्या गाडीवर बसण्याआधी. हेडसेट लावला की डोळ्यांपुढे अख्खं गोदाम उभं राहतं. रॅक, खोकी, अरुंद गल्ल्या, सगळं. हातात खोटं स्टिअरिंग, पायाखाली खोटा ब्रेक. खोकं पडलं तरी कुणाचा पाय मोडत नाही. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की बऱ्याच जणांना तो हेडसेट लावला की डोळे दुखायचे, कपाळाला घाम फुटायचा आणि काहींच्या पोटातलं वर यायचं. डोळे म्हणतात गाडी चालली, आणि बूड म्हणतं आपण खुर्चीत बसलोय. दोघांच्या भांडणात पोट बिचारं मधल्यामधे मरतं.

कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते साताऱ्याकडचे इंजिनिअर. त्यांना जन्मात कधी चक्कर आली नव्हती. मलाही यायची नाही. प्रोग्रॅम मी लिहायचे, सर तपासायचे आणि आम्हा दोघांनाही सगळं झकास दिसायचं. काका तेव्हा आमच्याकडे व्हिडिओ एडिटिंगला होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे गंमत म्हणून हेडसेट लावून बघत होते, तेव्हा कुणीतरी तो काकांच्या डोक्यावर चढवला. काकांनी मान एकदा इकडे वळवली, एकदा तिकडे वळवली आणि हेडसेट काढून टाकला. मग खुर्चीवरून उतरून ते फरशीवर बसले आणि दोन्ही तळवे फरशीला टेकवले.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"काय नाय. जमीन कुठं हाय ते बघतो."

पाणी प्यायल्यावर म्हणाले, "वळनावर चित्र मागनं येतं. मी मान वळवतो, मग ते वळतं. मधे पोट तेवढं लोंबकळत राहतं."

मी तपासलं. चित्र खरंच किंचित मागे पडत होतं. सरांनी त्याच आठवड्यात काकांचं काम बदललं.

काका साठीच्या अलीकडचे, उंच, सडपातळ, खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना आयुष्यात सगळ्याचीच चक्कर यायची. रिक्षाची, एसटीची, झोपाळ्याची, लिफ्टची. कुणी शेजारी बसून पाय हलवू लागला तर ते तिकडे बघतसुद्धा नसत. ऑफिसला सायकलने यायचे, कारण स्वतः चालवलेल्या गाडीची चक्कर येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांचं नाव 'मळमळे' ठेवलं, आणि ते इतकं रुळलं की एक दिवस कुरियरवाला दारात उभा राहून "मळमळे साहेब कोण?" असं विचारू लागला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. काका शांतपणे उठले, पाकीट घेतलं आणि 'मळमळे' अशीच सही केली.

त्यांची चाल बघण्यासारखी होती. गुडघे जरा वाकलेले, पाऊल टाचेपासून अलगद टेकवलेलं, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. ऑफिसात येण्याआधी त्यांनी निम्मं आयुष्य लग्नांचं शूटिंग करण्यात घालवलं होतं. चर्चमधलं लग्न असो की मांडवातली हळद, वसईत त्यांना मागणी असायची, कारण त्यांचं चित्र हलायचं नाही. हलणाऱ्या चित्राने त्यांना स्वतःलाच मळमळायचं, म्हणून ते तसं चालायला शिकले. खांद्यावरचा कॅमेरा गेला, चाल राहिली.

त्या धंद्यातलीच त्यांची एक म्हण होती: "आधी सांग, मग वळव." कॅमेरा अचानक वळवला तर बघणाऱ्याचं डोकं फिरतं, म्हणून आधी तिकडचा आवाज ऐकू येऊ द्यायचा, एखादा माणूस तिकडे बघताना दाखवायचा आणि मग सावकाश वळायचं. हे तत्त्व त्यांनी पुढे सगळ्यालाच लावलं. त्यांच्याबरोबर चहाला निघालं की गल्लीच्या तोंडाशी ते सांगायचे, "आता डावीकडं." बोलताना मधेच म्हणायचे, "आता विषय बदलतो हां." एकदा सरांशी पगारवाढीचं बोलायला गेले तेव्हाही त्यांनी आधी तसंच बजावलं आणि मगच विषय काढला.

नाकाचं प्रकरणही त्यांचंच. एक दिवस हेडसेट लावलेलाच होता आणि ते म्हणाले, "बाय, माझं नाक कुठं गेलं?"

मला समजेना. त्यांनी हेडसेट काढला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "एक डोळा मीट. काय दिसतं? नाक दिसतं. जन्मभर समोर नाक असतं म्हनून आपन कुठं आहोत ते कळतं. ह्याच्यात सगळं हाय, नाक तेवढं नाय."

सर हसले. पण मी घरी जाऊन वाचलं, तर हे आणखी कुणाकुणाला सुचलेलं होतं. मग मी चित्रात खाली मधोमध एक पुसटसं नाक घातलं. काकांनी ते लावून बघितलं, खूप वेळ बसले आणि म्हणाले, "जरा बसकं हाय, पन चालेल." पुढे नाकाच्या जोडीला आम्ही गाडीच्या टपाचे दांडे डोळ्यांपुढे स्थिर ठेवले. बघणाऱ्याला धरायला काहीतरी मिळालं.

त्यांचे सगळेच उपाय बरोबर होते असं नाही. घरून टेबलफॅन आणून त्यांनी तो खुर्चीपुढे ठेवला, कारण वारा लागला की पोट गप्प बसतं. ते खरं निघालं. हेडसेटच्या गादीला घाम लागून डोळे चुरचुरतात, म्हणून जुन्या धोतराचे तुकडे शिवून त्यांनी तिला खोळी केल्या आणि त्या घरी नेऊन धुवायला लागले. तेही फार उपयोगाचं झालं. पण पूर्वेकडे तोंड करून बसलं की चक्कर येत नाही, असंही त्यांनी एकदा शोधून काढलं होतं. आमच्या सगळ्या खुर्च्या बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून होत्या. शेवटी त्यांनीच त्या परत फिरवल्या. "नाय," म्हणाले, "पूर्वेचा काय संबंध नाय." त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

मग कामणच्या एका मोठ्या गोदामाचं काम आलं. त्यांना शिकवणीबरोबर परीक्षाही हवी होती. फोर्कलिफ्टच्या सगळ्या ड्रायव्हरांची हेडसेटवर परीक्षा घ्यायची, आणि जो नापास होईल त्याला गाडीवरून उतरवून परत पॅकिंगला पाठवायचं. आमच्या कंपनीला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं, त्यामुळे सर खुशीत होते. परीक्षेच्या दिवशी मी आणि सर गाडीने गेलो. काका सकाळीच सायकलवर निघाले होते. आम्ही पोचलो तेव्हा ट्रकांची धूळ खाऊन पांढरे झालेले, फाटकाशी उभे होते.

तिथे सुरेखा नावाची एक ड्रायव्हर होती. कामणजवळच्याच पाड्यावरची, पॅकिंगमधून गाडीवर गेलेली एकटीच बाई. तिची पाळी आली. तिने चष्मा काढून खिशात ठेवला, हेडसेट लावला आणि थोड्याच वेळात रॅकला धडकली. मागे घेतली, पुन्हा धडकली. मग हेडसेट काढून हसली, "झालं माझं" म्हणाली आणि बाहेर गेली. काका तिच्या मागोमाग गेले. त्यांना ते हसू ओळखीचं असावं. पाण्याची बाटली घेऊन मीही गेले.

ती पाण्याच्या टाकीच्या मागे वाकून तोंड धूत होती.

"उलटी झाली?" काकांनी विचारलं.

"नाही, नाही. पित्त आहे जरा. सकाळी खाल्लं नव्हतं."

"मला रोज होते," काका म्हणाले. "मला त्याचाच पगार मिळतो."

तिने त्यांच्याकडे निरखून बघितलं. ते थट्टा करत नाहीत हे पटल्यावर टाकीच्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, "चष्मा त्याच्यात बसत नव्हता म्हणून काढला. मग सगळं दोन-दोन दिसायला लागलं. पण आत सांगायचं कसं? म्हणतील, बाईला झेपत नाही."

"आनि बाकीचे?"

"त्यांनाही होतंय. कोण बोलणार?"

आत येऊन मी हेडसेट तपासला. प्रत्येकाच्या डोळ्यांमधलं अंतर वेगळं असतं, आणि त्याप्रमाणे आतली भिंगं सरकवावी लागतात. सकाळपासून सगळ्यांना एकाच मापात बसवलं होतं, आणि ते माप सरांच्या रुंद चेहऱ्याचं होतं. मी सरांना सांगितलं. सर स्वतः भिंगं सरकवून बघू लागले. गोदामाचे मॅनेजर मात्र घाईत होते. नापास झालेल्यांची नावं त्यांना त्याच दिवशी पाठवायची होती. माणूस वाईट नव्हता, पण म्हणाला, "मशीन काय कुणाचा दुस्वास करतं? सगळ्यांना सारखंच आहे."

काका म्हणाले, "साहेब, तुम्ही पन एकदा बसून बघा की."

मॅनेजर खुर्चीत बसले. आम्ही सगळे बघत उभे राहिलो, ड्रायव्हर मागे भिंतीला टेकून. मॅनेजरांनी एकामागून एक खोकी उचलली, सगळी वर ठेवली, गाडी मागे घेऊन नीट जागेवर लावली. पडद्यावर 'उत्तीर्ण' आलं. त्यांनी हेडसेट काढला, केस नीट केले आणि म्हणाले, "मुलांबरोबर घरी गेम खेळतो ना मी."

काकांचा चेहरा उतरला. पण थोडं थांबून ते म्हणाले, "छान जमलं साहेब. आता ती बाहेरची खरी गाडी घ्या, आनि ते लाद्या रचलेलं लाकडी पॅलेट वरच्या रॅकवर ठेवून दाखवा."

"मला कुठे चालवता येते?" मॅनेजर म्हणाले.

भिंतीकडून एक ड्रायव्हर फिसकन हसला, आणि मग मॅनेजरांना स्वतःलाच हसू आलं. त्यांनी सुरेखाकडे बघितलं. "सुरेखा, ते पॅलेट तू ठेव बरं." सुरेखाने चष्मा घातला, खऱ्या गाडीवर चढली आणि पॅलेट वर ठेवलं. रोज ठेवते तसंच.

नावं गेली नाहीत. परीक्षा पुढे ढकलली गेली.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी काकांना विचारलं, "ते पास होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"छे," काका म्हणाले. "मला वाटलं तोपन ओकेल."

पुढचे काही आठवडे आम्ही सगळं नव्याने केलं. प्रत्येक ड्रायव्हरची भिंगं त्याच्या डोळ्यांप्रमाणे लावली. चष्मा आत मावेल अशी जागा केली. सूचनांची अक्षरं नाकाशी आणून ठेवली होती, ती लांब नेली. गाडी वळताना कडेचं चित्र अंधुक होईल असं केलं, म्हणजे कडेने धावणारे रॅक डोळ्यांना ओढत नाहीत. एक फेरी झाली की हेडसेट काढून बाहेर यायचं आणि तुंगारेश्वरच्या डोंगराकडे बघत उभं राहायचं, हा काकांचा नियम. त्यांचा दुसरा नियम मला अजून सगळ्यांत मोलाचा वाटतो. गरगरलं तर हात वर करायचा. त्याने गुण कमी होणार नाहीत. पहिल्या दिवशी एकही हात वर झाला नाही. मग काकांनी स्वतः हेडसेट लावला आणि थोड्या वेळाने सगळ्यांसमोर हात वर केला. दुसऱ्या दिवशी बरेच हात वर झाले.

सुरेखा पास झाली. बाकीचेही झाले. एका वयस्कर ड्रायव्हरला मात्र काही केल्या तो हेडसेट मानवला नाही. त्याची परीक्षा मॅनेजरांनी खऱ्या गाडीवर घेतली.

त्यानंतर वर्षभर आमचं बरं चाललं. आणि मग एका सकाळी काका माझ्या टेबलाशी आले. चेहरा अगदी पडलेला.

"बाय, मी बिघडलो."

"म्हणजे?"

"तू ते मुद्दाम वाईट केलेलं चित्र ठेवलंयस ना तपासायला? काल दुपारभर तेच बघत बसलो. काय झालं नाय. वर घरी जाऊन सुकटीचं कालवन खाल्लं."

आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. जुनं मागे पडणारं चित्र लावलं, झोकांड्या खाणारी गाडी लावली. काका आत आरामात बसून राहिले. रोज थोडं थोडं बघून त्यांच्या अंगाला सवय झाली होती. चक्कर येण्याच्या नोकरीनेच त्यांची चक्कर घालवली. सर म्हणाले, "काका, उलट चांगलंच झालं की. एडिटिंगला परत या." काका तयार झाले, पण आपल्या जागी माणूस मिळवून देतो म्हणाले.

निवड त्यांनी स्वतः केली. उमेदवाराला रिक्षात घालून माणिकपूरहून कामणला न्यायचं आणि परत आणायचं, हीच मुलाखत. काका शेजारी बसायचे, आणि आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात मजेत बसायचे. एक तरुण आला, तो प्रत्येक खड्ड्याला कपाळ धरायचा आणि फार त्रास होतो म्हणून सांगायचा. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग विरारच्या एक बाई आल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. डोळे मिटून दांडा धरून बसल्या आणि वाटेत सातिवलीला एवढंच म्हणाल्या, "इथे लिंबूसरबत मिळतं का कुठे?" काकांनी रिक्षा तिथूनच वळवली.

"ज्याला येते तो लपवतो," ते मला म्हणाले. "लाज वाटते मानसाला." त्या बाई अजून तिथे आहेत. पहिल्या दिवशी हेडसेट देताना काकांनी त्यांना सांगितलं होतं, "लाजायचं नाय. जेवढं वाटतं तेवढं सांगायचं."

मला पुण्याला नोकरी लागली तेव्हा निघायच्या आधीच्या रविवारी काकांनी मला नायगावच्या खाडीवर बोलावलं. का ते सांगितलं नाही. तिथे काकूही होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. ठसठशीत, बोलक्या, हातात फळांची पिशवी. होडीची वाट बघताना त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचं माहेर खाडीतल्या बेटावर. तिथे जायला होडीच. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाला न्यायला माहेरच्यांनी होडी सजवून पाठवली होती. काका होडीत बसले आणि दोर सोडायच्या आधीच उतरले. लग्न मग अलीकडच्या काठावर लागलं. तेव्हापासून काकू माहेरी एकट्या किंवा मुलांना घेऊन जात. काका काठापर्यंत सोडायला यायचे आणि ठरल्या दिवशी आणायला परत काठावर उभे असायचे.

"बाबांना शेवटपर्यंत वाटायचं जावई गर्विष्ठ हाय," काकू म्हणाल्या. "आई म्हनायची, येईल कधीतरी." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. काका तिकडे तोंड करून पाण्याकडे बघत होते.

होडी आली. काका आधी चढले आणि काकूंना हात दिला. काठ सुटल्यावर काकूंनी तो हात सोडला नाही. मधे एक मोठी बोट गेली आणि तिच्या लाटांवर आमची होडी चांगलीच वरखाली झाली. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काका मागे वळून आपल्या गावाकडे बघत होते. तिवरांची रांग, त्यामागे मिठागरं, त्यामागे नव्या इमारती.

"आमचं गाव इकडनं असं दिसतं होय," ते म्हणाले. "मला कुनी सांगितलंच नाय."

बेटावर उतरलो तेव्हा काकूंचे भाऊ, वहिनी, पुतणे सगळे धक्क्यावर आले होते. घराच्या ओट्यावर काकूंची आई बसली होती. खूप म्हातारी, डोळ्यांना फारसं दिसत नसलेली. काकूंनी खाली वाकून सांगितलं, "आये, बघ कोन आलंय. जावई तुझा."

म्हातारीने हात पुढे केला. काका खाली बसले. तिने त्यांच्या पांढऱ्या केसांवरून, कपाळावरून, गालावरून सावकाश हात फिरवला. मग सुनेला म्हणाली, "मंग उभी काय? नवा जावई हाय. पाय धुवाला पानी आन."

काकांचे पाय धुतले. कुंकू लावलं. पाट मांडून त्यांना मधे बसवलं आणि तांदळाची भाकरी नि चिंबोरीचं कालवण वाढलं. पुतणे आग्रह करत होते, काका नको नको म्हणत होते, पण पानातलं संपत होतं. जेवणं झाल्यावर बाहेर गप्पा रंगल्या. म्हातारी एका बाजूला बसून ऐकत होती.

उन्हं उतरल्यावर परतीची होडी लागली. मी आणि काकू उठलो. काकाही चपला शोधू लागले, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तो कुठं निघाला? जावयाला पहिल्या दिवशी सोडत नाय."

काकांनी चपला परत ठेवल्या. आम्ही दोघीच होडीत बसलो. बऱ्याच वेळाने मी मागे बघितलं, तर काका धक्क्यावर उभे होते आणि मेव्हणे त्यांना हाताने दूरचं काहीतरी दाखवत होते. काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं हे मला आनायला काठावर यायचे. आता उद्या मी येईन ह्यांना न्यायला."